सहलीच्या जागा पाण्यानं ठरवल्या

बाहेरगावची बहीण मुलांना घेऊन दोन दिवस पुण्याला राहायला आली, की रात्रीच्या जेवणापर्यंत प्रश्न निघतोच : उद्या पोरांना कुठे न्यायचं? उत्तरं तीन पिढ्यांत फारशी बदललेली नाहीत. सारसबाग, पेशवे पार्कातली फुलराणी, पर्वती, कात्रजचं प्राणिसंग्रहालय, बंडगार्डन, खडकवासला. पावसाळा असेल तर आणखी एक कार्यक्रम वाढतो आणि त्याला तिकीटही नाही : पूर बघायला जाणं.

या यादीत नदीचं नाव कुठेच नाही, हे मुलं बरोबर हेरतात. ‘पुण्याला नदी आहे ना? मग नदीवर का नाही जायचं?’ मोठी माणसं नाक मुरडतात आणि विषय संपतो. मुठेच्या पाण्याला आज जो वास येतो, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पण मुलांची समजूत मात्र चुकीची घातली जाते. कारण यादीतल्या जागा एकेक करून तपासा. कुणी ओढा अडवला, कुणी तळं बांधलं, कुणी नदीत बंधारा घातला, कुणी धरण उभारलं, आणि त्या त्या कामाच्या कडेला लोक डबे घेऊन बसायला लागले. पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या नदीवरच सहलीला जातो. फक्त काठावर न बसता तिच्या खोऱ्यात हिंडतो, आणि आपण नदी बघतोय हे त्याच्या ध्यानात येत नाही.

१. खोरं म्हणजे नेमकं काय?

भूगोलाच्या पुस्तकात नदी म्हणजे नकाशावरची निळी रेघ. पण त्या रेघेत पाणी येतं कुठून? घराची गच्ची आठवा. गवंड्यानं तिला किंचित उतार दिलेला असतो आणि एका कोपऱ्यात पावसाळी पाइप असतो. पाऊस सगळ्या गच्चीवर पडतो, बाहेर मात्र एकाच पाइपातून येतो. ती सगळी गच्ची म्हणजे खोरं आणि तो पाइप म्हणजे नदी.

आता थोडा हिशेब. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला तर बरोबर एक लिटर पाणी होतं. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर पन्नास मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे पाच हजार लिटर. हे एका घराचं. मुठेच्या गच्चीची वरची कड सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आहे. पुणे शहरात वर्षभरात सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर घाटमाथ्यावर त्याच्या कित्येक पट. म्हणून पेठेत ऊन पडलेलं असतानाही नदी दुथडी भरून वाहू शकते. पाऊस तिकडे पडलेला असतो, पाइप इकडे असतो.

खोऱ्याच्या कडेला पाणलोटाची रेघ म्हणतात, आणि ती शहरात पायी ओलांडता येते. वेताळ टेकडीच्या माथ्यावर उभं राहा. पाषाणच्या अंगाला पडलेला थेंब रामनदीत जातो आणि रामनदी औंधजवळ मुळेला मिळते. कोथरूडच्या किंवा लॉ कॉलेजच्या अंगाला पडलेला थेंब मुठेत जातो. एकाच सरीतले दोन शेजारी थेंब दोन वाटांनी निघतात आणि मुळा-मुठेच्या संगमावर पुन्हा भेटतात. सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्या शेकडो माणसांच्या पायाखालून ही रेघ रोज जाते.

२. पर्वती : आधी वर चढा

मुलांना घेऊन खोरं बघायचं तर सुरुवात पर्वतीवरून करावी. पायऱ्या १०३, रुंद आणि बुटक्या. पाच वर्षांचं मूलही कुरकुर न करता चढतं. देवदेवेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं. देवदर्शन झालं की तटाच्या कडेला जाऊन उत्तरेकडे तोंड करून उभं राहायचं.

डावीकडे, नैर्ऋत्येला, सिंहगड दिसतो. त्याच्या पलीकडच्या डोंगरांतून मुठा येते. समोर वेताळ टेकडी आणि हनुमान टेकडी. पर्वती आणि या टेकड्या यांच्या मधून नदी ईशान्येला संगमाकडे जाते. इमारतींच्या गर्दीत ती स्वतः फारशी दिसत नाही, पण झाडांची आणि पुलांची रांग तिचा पत्ता सांगते. पाठीमागे, दक्षिणेला, कात्रजचे डोंगर. तिथून एक ओढा उतरून पर्वतीच्या पायथ्याशी येतो : आंबिल ओढा. पुढच्या दोन प्रकरणांचा नायक तोच आहे, म्हणून त्याची वाट बोटानं मुलांना दाखवून ठेवावी.

उतरताना टेकडीच्या उघड्या दगडाकडे बघा. काळा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत पांढरी खनिजं साचली. दख्खनच्या दगडात असे पांढरे ठिपके ठिकठिकाणी सापडतात. मुलांना ते शोधायला लावलं की मोठ्यांना दहा मिनिटं निवांत बसता येतं. हा दगड टणक, पाणी सहज न मुरवणारा. पाऊस पडला की पाणी धावत सुटतं, हे खोऱ्याचं लक्षण त्या दगडातून आलेलं आहे.

३. सारसबाग : तळ्याच्या तळाशी भेळ

सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला जाताना पायऱ्या चढाव्या लागतात आणि आजूबाजूची हिरवळ मात्र खाली असते. असं का, हा प्रश्न मुलांना आधी घालावा, उत्तर सांगायची घाई करू नये. देऊळ ज्या उंचवट्यावर आहे ते बेट होतं. हिरवळ आहे तिथं पाणी होतं. आपण भेळेचा पुडा घेऊन बसतो ते तळ्याच्या तळाशी.

नानासाहेबांच्या काळात आंबिल ओढा पेठांमधून वाहत मुठेला मिळायचा. वाढत्या शहराच्या मधोमध भरणारा ओढा ही डोकेदुखीच. तेव्हा पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून त्याचं तळं केलं आणि ओढ्याची वाट पश्चिमेला वळवून दांडेकर पुलाच्या बाजूनं नदीत सोडली. तळ्यात मधोमध बेट राखलं, बेटावर बाग केली. सवाई माधवरावांच्या काळात तिथं गणपती आला. बेटावर होडीनं जायचे. पुढे तळं आटत, भरत गेलं आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात महापालिकेनं आजची बाग केली. देवळाभोवती थोडं पाणी मुद्दाम ठेवलेलं आहे, कमळं असतात, मुलं कठड्यावरून मासे शोधतात.

शेजारचं पेशवे पार्कही याच पाण्याच्या आसऱ्यानं. १९५६ मध्ये तिथं फुलराणी सुरू झाली. आजी, आई आणि नात अशा तिघींनी एकाच छोट्या आगगाडीत बसून बोगद्यात ओरडण्याची सोय महाराष्ट्रात फार ठिकाणी नसेल.

वळवलेला ओढा आपली वाट विसरला असं समजू नये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला मुसळधार पाऊस झाला आणि आंबिल ओढ्याचं पाणी अरण्येश्वर, दांडेकर पूल भागातल्या घरांत शिरलं. माणसं गेली. ओढ्याच्या पात्रात भिंती, भराव आणि घरं उभी राहिली होती. एरवी बारा महिने त्याला लोक ‘नाला’ म्हणतात आणि तो नदीचा भाग आहे हे विसरतात.

४. कात्रज : पंप नाही, वीज नाही, तरी पाणी शनिवारवाड्यात

कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, हे आधी लक्षात ठेवा. फाटकापर्यंत जाऊन परतलेली मुलं दिवसभर माफ करत नाहीत. वाघ, अस्वल, सर्पोद्यान झालं की आवारातलं तळं बघायला थांबा. बहुतेक लोक तिथं दमून बसतात आणि पाठ करून बसतात. तेच शहराचं जुनं नळपाणी.

१७५० च्या सुमारास नानासाहेबांनी कात्रजला याच आंबिल ओढ्यावर तळी बांधली आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत सुमारे आठ किलोमीटर दगडी नळ जमिनीखालून नेला. नळ म्हणजे हातभर पाइप नव्हे. माणूस आत चालू शकेल एवढा उंच, बांधीव बोगदा. पंप नसताना पाणी आलं कसं? कात्रज उंच, पेठा सखल, एवढंच उत्तर आहे. खरी कारागिरी उतार राखण्यात. उतार फार दिला तर पाणी वेगानं धावून बांधकाम खातं, कमी दिला तर गाळ बसून नळ तुंबतो. आठ किलोमीटरभर, टेकाडं आणि ओढे चुकवत, तो मधला उतार धरून ठेवायचा, आणि तोही जमिनीखाली.

वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास बांधले. वरून पाहिलं तर विहिरीसारखी दगडी तोंडं. त्यांची कामं दोन. नळात कोंडलेली हवा तिथून बाहेर पडते. आणि तिथला तळ नळाच्या तळापेक्षा खोल ठेवलेला असल्यानं पाणी क्षणभर संथ होतं, गाळ खाली बसतो, वरचं निवळ पाणी पुढे जातं. साफसफाईसाठी माणूस उतरायचा तोही इथूनच. आजच्या जलशुद्धीकरण केंद्रात निवळण्याची टाकी असते, तत्त्व तेच.

नळाचं पाणी वाड्यांत आणि हौदांत जाई. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद. रिक्षावाल्याला ‘फडके हौद चौक’ सांगणाऱ्या किती जणांना तिथं कधी घागरी भरल्या जात होत्या हे माहीत असतं, कोण जाणे. पेठांतून मुलांना हिंडवायचं तर हौदांची नावं हा सगळ्यात चांगला नकाशा आहे.

५. खडकवासला : क्युसेकचं गणित आणि पूर बघण्याची रीत

आता नदीच्या मुख्य धारेवर येऊ. स्वारगेटहून सिंहगडाकडे जाणारी बस धरली की वाटेत खडकवासला. सुट्टीच्या दिवशी धरणाकाठच्या चौपाटीवर भाजलेली कणसं, कांदाभजी, उकडलेल्या शेंगा आणि पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. धरणाचं काम १८६९ मध्ये सुरू झालं आणि दहाएक वर्षांनी पुरं झालं. फाइफ नावाच्या अभियंत्यानं ते आखलं म्हणून जलाशयाला इंग्रज ‘लेक फाइफ’ म्हणत. १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी इथं आपले आपोआप उघडणारे दरवाजे बसवले : पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की दार उघडे, उतरलं की मिटे.

जुलै-ऑगस्टात रोज बातमी येते, ‘खडकवासल्यातून इतके हजार क्युसेक विसर्ग’. आकडा ऐकून आपण हुं म्हणतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे सुमारे २८ लिटर. सोसायटीत येणारा टँकर साधारण दहा हजार लिटरचा असतो. भागाकार केला तर ३५३ क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक टँकर. मग ३५ हजार क्युसेक म्हणजे? दर सेकंदाला शंभर टँकर, एकाच वेळी, लकडी पुलाखालून. जुलै २०२४ मध्ये विसर्ग ३५ हजारांच्या वर गेला तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं ते यामुळे.

दुसरा प्रश्न लोक हमखास विचारतात : इतकं मोठं धरण, दोन पाऊस पडले की भरतं कसं? ते मोठं नाहीच. पुण्याला पाणी देणारी चार धरणं आहेत, त्यांची उपयुक्त साठवण अशी : वरसगाव १२.८२ टीएमसी, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला फक्त १.९७. बाकीची तिन्ही धरणं याच्या वरच्या अंगाला आहेत आणि त्यांनी सोडलेलं पाणी इथंच येतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. १.९७ टीएमसीला ३५ हजारांनी भागा : साधारण ५६ हजार सेकंद, म्हणजे सोळा तासांहून थोडं कमी. म्हणजे त्या वेगानं सोडलं तर अख्खा खडकवासला एका दिवसाच्या आत नदीत. हे धरण पाणी धरून ठेवण्यापेक्षा पुढे सोपवण्याचं काम जास्त करतं.

हा हिशेब डोक्यात असला की १२ जुलै १९६१ समजतो. पानशेतचं मातीचं धरण पुरं व्हायच्या आतच फुटलं, ते सगळं पाणी खडकवासल्यात आलं आणि त्याच दिवशी तेही फुटलं. नदीकाठच्या पेठांत, डेक्कनवर, घरांचे मजले बुडाले, पुलांवरून पाणी गेलं. पूरग्रस्तांच्या वसाहती कुठे झाल्या पाहा : सहकारनगर पर्वतीच्या अंगाला, गोखलेनगर टेकडीच्या पायथ्याशी. शहर एका दिवसात खोऱ्याची उंची शिकलं आणि वर सरकलं.

पुढे नदीकाठाला निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या गेल्या. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी, लाल शंभर वर्षांतून एकदाची. इथं एक गैरसमज पक्का बसलेला आहे. ‘गेल्या साली आला, आता पंचवीस वर्षं चिंता नाही’ असं त्याचं गणित नसतं. दर वर्षी शंभरात चार एवढी शक्यता, असा त्याचा अर्थ. गेल्या वर्षी काय झालं याच्याशी पुढच्या वर्षाचा संबंध नाही. त्या रेषेवर तुम्ही पंचवीस वर्षं राहिलात, तर निदान एकदा पूर अनुभवण्याची शक्यता जवळपास ६४ टक्के निघते. फ्लॅट घेताना वास्तुशास्त्र बघणाऱ्यांनी ही रेषाही बघावी.

पूर बघायला जाणं हा पुण्याचा अस्सल कौटुंबिक कार्यक्रम आहे आणि त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. छत्र्या, खांद्यावर पोर, आणि आजोबांचं पालुपद, ‘हे काहीच नाही, पानशेतला...’ पण बघायचा तो उंच पुलांच्या पदपथावरून. भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता मुळातच पुराच्या जागेत आहे. तो पाण्याखाली जाणं ही नदीची आगळीक नाही. वरून विसर्ग वाढला की पाणी बघता बघता चढतं. मुलांना पुलाच्या खांबावरची एक खूण ठरवून द्या आणि अर्ध्या तासानं पुन्हा बघायला सांगा. आकड्यांनी कळत नाही ते खांबावर कळतं.

६. कॅनॉल

खडकवासला धरणाच्या उजव्या अंगानं निघालेला मुठा कालवा, पुणेकरांचा ‘कॅनॉल’, पर्वतीच्या पायथ्यावरून स्वारगेट, हडपसर करत दौंड-इंदापूरच्या शेतीला जातो. ओढा उतार शोधत खाली पळतो. कालवा उंची सोडायची नाही म्हणून डोंगराच्या कडेकडेनं, जवळजवळ सपाट चालतो. त्यामुळे नदीपासून निघालेला हा पाण्याचा पट्टा शहरात नदीच्या बराच वर आहे. २७ सप्टेंबर २०१८ ला पर्वतीजवळ, जनता वसाहतीपाशी त्याची भिंत फुटली आणि पाणी भर दिवसा दांडेकर पुलाकडच्या सखल वस्तीत घुसलं. आभाळात ढग नसताना.

७. बंडगार्डन आणि तिथून पुढे

संगमाच्या खाली नदीचं नाव मुळा-मुठा. तिथं सर जमशेदजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५० च्या सुमारास बंधारा बांधला गेला. बंधाऱ्याचं काम धरणापेक्षा साधं : पाणी कायमचं कोंडायचं नाही, फक्त त्याची पातळी उचलून धरायची, म्हणजे काठावरून ते घेता येतं. त्या ‘बंड’वरून बागेला नाव पडलं. शेजारचा फिट्झजेराल्ड पूल १८६७ चा; त्याच्या टोकांचे सिंह बघितल्याशिवाय मुलं हलत नाहीत.

बंधाऱ्यामुळे वरच्या अंगाला पाणी संथ आणि पसरट झालं, तर खाली खडक उघडे पडले. संथ पाणी, उथळ खडक आणि चिखल अशा तीन तऱ्हा जवळजवळ मिळाल्या की पक्षी येतात. पुढे येरवड्याच्या बाजूला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे ते याच पट्ट्यात. हिवाळ्यात सकाळी हळदी-कुंकू बदकं, लांब लाल पायांचे शेकाटे, धोबी दिसतात. शेकाटे भरपूर दिसले म्हणून नदी निरोगी आहे असं मात्र समजू नये. सांडपाण्याच्या चिखलातल्या किड्यांवर त्यांचं छान चालतं. जलपर्णीचा हिरवा गालिचाही तेच सांगतो : पाण्यात खत जास्त आहे, म्हणजे आपलंच मैलापाणी. काठावर फरशा आणि दिवे लावून हे बदलत नाही. नदीला मिळणारं प्रत्येक गटार आधी शुद्ध करावं लागतं, आणि ते काम दिसत नाही म्हणून मागे पडतं.

बंधाऱ्यावरून सुटलेलं पाणी जातं कुठे, हा मुलांचा शेवटचा प्रश्न असतो. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात. पुण्याच्या मोऱ्यांतून गेलेलं पाणी उजनीत साठतं, सोलापूरला ते पिण्यासाठी लागतं. त्याच उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणजवळ, हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. हल्ली पुण्याहून पहाटे चारला गाडी काढून कुंभारगावला जाण्याची टूम निघाली आहे. तिथले मासेमार होडीतून पक्षी दाखवतात आणि परतल्यावर त्यांच्या घरी भाकरी आणि माशाचं कालवण मिळतं. जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी. ऊन वर आलं की पक्षी लांब सरकतात, म्हणून सातच्या आत होडीत बसावं.